बिनआवाजाचा रविवार

या, असे पुढे सरका. दाराशी चपलांजवळ बसून कथा कळत नसते. टाळांचा वारा गालाला लागेल इतकं जवळ या. घरी गॅसवर दूध ठेवून आलेल्यांनीही बसा, शेजारीण उतरवेल. आज एका गच्चीवरची गोष्ट सांगायची आहे. त्या गच्चीवर बावीस माणसं जमली होती, बावीसच्या बावीस कोल्हापूरकडची, आणि दीड तास त्यांनी बोलायचं नव्हतं. हसलात? त्या घरच्या चिमणाबाईही आधी हसल्याच होत्या. पण त्या दिवशी तिथं जे घडलं ते आठवलं की अजून त्यांचे हात आपोआप जोडले जातात. आणि उभ्या जन्मात त्यांनी कीर्तनं ऐकली ती काही थोडीथोडकी नाहीत.

शुक्रवारी दुपारी कळंब्याच्या घरात, स्वयंपाकघरात चौघीजणी बसल्या होत्या आणि चौघी एकदमच बोलत होत्या. सगळ्यांच्या वर आवाज बनाबाईंचा. बनाबाई म्हणजे चिमणाबाईंची नणंद, त्याच सकाळी आजऱ्याहून काजूची पिशवी काखेत मारून उतरलेली.

"बोलायचं न्हाय म्हंजे काय गं? पार्टीला बलवायचं आन् तोंड शिवून बसवायचं?"

"व्हय आत्ती," क्रांती शेंगा सोलता सोलता म्हणाली. "रविवारी चार ते साडेपाच. एक अक्षर बोलायचं न्हाय. हातानं सांगा, डोळ्यानं सांगा. बोललं की नाकावर काजळाचा ठिपका."

क्रांती ही चिमणाबाईंची सून, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारच्या पार्ट्या हा तिचा नेम. मागच्या खेपेची शाळेची पार्टी तुमच्या लक्षात असेलच. साठीच्या बनाबाई लाल फितीच्या दोन वेण्या घालून प्रार्थनेला पहिल्या रांगेत उभ्या होत्या. त्याआधी उलटी पार्टी झाली. आल्या आल्या विडा, मग जेवण, आणि निघताना दारात, "या, बसा, पाणी घ्या!" फारसा पसारा नसायचा. एक कल्पना, एक मोठं पातेलं आणि गच्चीवर अंथरलेल्या सतरंज्या. माणसं पोट दुखेपर्यंत हसून घरी जायची.

फक्त एक माणूस हसायचं नाही. ते म्हणजे चिमणाबाईंचे यजमान, हंबीरराव.

हंबीररावांनी चौतीस वर्षं गावाकडच्या साखर कारखान्यात काढली, ती सगळी मिल हाउसमध्ये, उसाचे रोलर फिरतात तिथं. नोकरी संपता संपता कान गेले. पृथ्वीराजने, त्यांच्या मुलाने, कानाचं मशीन आणून दिलं. ते आठवडाभर लावून त्यांनी कपाटात ठेवून दिलं. म्हणाले, "ह्यात माणसं आन् मिक्सर एकाच आवाजात वराडत्यात." मग घरातल्यांनी आपल्या परीनं उपाय शोधला. ते ओरडू लागले. ह्या घराचं प्रेमच मुळी आवाजात. पण ऐकू न येणाऱ्याला दिसायचं काय? लाल झालेलं तोंड आणि ताणलेल्या शिरा. हंबीररावांना वाटायचं, आपल्याला दरडावतायत. मग तेही तिरसट बोलायचे. पार्टीत दहा मिनिटं कोपऱ्यात बसायचे आणि पाण्याची मोटर बघायला म्हणून खाली उतरायचे ते परत यायचे नाहीत.

"आन् खायला काय?" बनाबाई अजून तिथंच अडल्या होत्या.

"खीर. दहीभात. मऊ थालीपीठ. काजूची उसळ. कुरकुरीत काय न्हाय ठेवायचं. आवाज येतोय."

"म्हंजे भडंग न्हाय?"

"भडंग बंद."

बनाबाईंनी चिमणाबाईंकडे असं बघितलं, जसं काही घरावर जप्ती आली. "वैनी, सुनेला आवरा. बिनभडंगाची पार्टी म्हंजे सुतकात बसल्यागत."

"आणि बांगड्या?" शेजारच्या प्रमोदिनीबाईंनी विचारलं. त्या निवृत्त शिक्षिका. तीस वर्षं मुलांना गप्प बसवण्यात गेलेली, त्यामुळे ह्या पार्टीचा सर्वांत जास्त आनंद त्यांनाच झाला होता. "बांगड्या वाजणारच की गं. उतरवायच्या का?"

चिमणाबाईंचा हात आपसूक हिरव्या चुड्यावर गेला. "बाई, तेवढं सांगू नका. सवाशिणीनं हात मोकळा करून पंगतीत बसायचं व्हय?"

क्रांतीने एक जुनं मऊ लुगडं ओढून काढलं आणि त्याच्या चिंध्या फाडायला सुरुवात केली. "उतरवायच्या न्हाईत आई. बांधायच्या. ह्या चिंधीनं गुंडाळायच्या, की झालं. चुडा हातात, आवाज न्हाय."

बनाबाईंनी लगेच हात पुढं केला. "बांध माझ्या. बघू दे तरी."

बांधून झालं, हात हलवून बघितला, आवाज आला नाही. चिमणाबाईंच्या मनात आलं: आपण आत येतो, भांडी मांडतो, दिवसभर ही किणकिण चालते. ह्यांना नऊ वर्षं आपला हात असा, चिंधीत गुंडाळल्यासारखाच दिसत असेल.

त्यांनी सुनेकडे बघितलं. "क्रांते, खरं सांग. ही पार्टी कुणासाठी हाय?"

क्रांती शेंगांकडे बघत म्हणाली, "सगळ्यांसाठी आई. आबा सोडून सगळ्यांसाठी पार्ट्या लई झाल्या, एवढंच."

*

आता ह्या पार्टीवर काय अवलंबून होतं तेही ऐका. हंबीररावांचे धाकटे भाऊ अमरसिंह. दोघा भावांचं बोलणं बंद होऊन नऊ वर्षं झाली होती. कशावरून, ते कुणालाच धड ठाऊक नव्हतं. गावात म्हणायचे विहिरीच्या पाळीवरून. पाहुण्यांत म्हणायचे बांधावरून. अमरसिंहांना विचारलं तर ते कपाळाला हात लावायचे, "मलाच ठाव न्हाय हो." आणि हंबीरराव तर विषय निघाला की भिंतीकडे तोंड करायचे. अमरसिंहांची मुलगी स्वप्नाली. तिचं लग्न माघात ठरलेलं. पत्रिका मंगळवारी छापायला जायची होती. निमंत्रकांत थोरल्या आबांचं नाव पहिलं असल्याशिवाय मी अक्षता घेणार नाही, असं ती पोरगी आईवडिलांसमोर बोलून बसली होती. आणि हंबीरराव म्हणाले होते, "नाव घालू नगा. मी येत न्हाय."

शनिवारी चिमणाबाईंनी त्यांना पार्टीचं सांगितलं. आधी हातानं, मग ओठांनी, मग मोठ्यानं. चिमणाबाईंनी तोंडाशी घास नेल्याची खूण केली की हंबीरराव आधी तीच खूण करून दाखवायचे आणि मगच ताटावर यायचे. ही त्यांची जुनी खोड. तशीच त्यांनी आता ओठांवर बोट ठेवायची खूण परत केली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"कुणी बोलायचं न्हाय? म्हंजे सगळ्यांनी मिळून भैऱ्याची सोंगं काढायची?"

"आवो, तसं न्हवं..."

"मी काय खेळ हाय व्हय तुमचा? बसा तुमी. मी खाली मोटरीपाशी हाय."

चिमणाबाई पुढं काहीतरी पुटपुटल्या. "काय म्हणालीस?" त्यांनी विचारलं. आणि चिमणाबाईंनी नेहमीसारखा हात झटकला. काय न्हाय, जाऊ दे.

रविवारी सकाळी स्वप्नाली आली. एकटीच. हंबीरराव ओसरीवर पेपर वाचत होते. ती त्यांच्यासमोर खाली बसली, काही बोलली नाही, आणि पायातले पैंजण काढून त्यांच्या तळहातावर ठेवले. हुपरीच्या चांदीचे पैंजण, घुंगरांची दुहेरी ओळ. नऊ वर्षांपूर्वी ती बारावी झाली तेव्हा हंबीररावांनीच स्वतः जाऊन, कारागिराच्या घरी बसून, घुंगरू मोजून घेऊन आणलेले. त्यानंतर ती ते पायातून काढत नसे.

"का काढलंस पोरी?" ते घाबरून म्हणाले.

तिने ओठांवर बोट ठेवलं. मग वर, गच्चीकडे बोट दाखवलं. मग त्यांच्याकडे.

हंबीररावांनी पैंजण हातात हलवून बघितले. वाजत असणार, त्यांना ते वाजल्याचं फक्त बोटांना कळत होतं. मग त्यांनी ओठांवर बोट ठेवून तिची खूण परत केली.

*

चार वाजता गच्चीच्या दारात क्रांतीने काजळाची डबी घेऊन बसायची जागा धरली. मोबाइल सगळे एका भाताच्या पातेल्यात, वर झाकण. थंडीचं मऊ ऊन, दूरवर जोतिबाचा डोंगर, आणि खाली रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या. त्याच ट्रॉल्यांमागे अडकून अमरसिंह आणि त्यांच्या पत्नी पूर्णिमा दहा मिनिटं उशिरा आले. अमरसिंहांनी दारात, "काय गर्दी..." एवढं म्हटलं आणि क्रांतीने त्यांच्या नाकावर पहिला ठिपका दिला.

हंबीरराव कठड्याजवळ खुर्चीत बसलेले. भावाला बघून त्यांनी मान वळवली. अमरसिंह दुसऱ्या टोकाला बसले. मध्ये वीस माणसं आणि चार सतरंज्या.

पहिली दहा मिनिटं म्हणजे नुसता गोंधळ होता, तोही आवाज बंद केलेला. बनाबाईंना तिसऱ्याच मिनिटाला ठसका लागला आणि त्या "आई गं" म्हणाल्या, एक ठिपका. ठिपका दिल्यावर "आता काय केलं मी?" म्हणाल्या, दुसरा ठिपका. पृथ्वीराजने खीर कशी झाली ते हातानं सांगायला घेतलं आणि समोरच्यांना ते म्हैस व्याल्यासारखं वाटलं. लोक लोळले, तोंडात पदर कोंबून, खांदे हलवत, डोळ्यांतून पाणी काढत. आवाज नाही.

चिमणाबाई मात्र कठड्याकडे बघत होत्या.

हंबीरराव आधी आखडून बसले होते. मग त्यांची नजर एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर जाऊ लागली. रोजची ती धडपड, कोण बोलतंय, कुणाचे ओठ हलतायत, कधी हसायचं. पण आज कुणाचेच ओठ हलत नव्हते. जे चाललं होतं ते सगळं समोर, हातांवर, उजेडात होतं. प्रमोदिनीबाईंनी बनाबाईंची चालण्याची नक्कल केली आणि हंबीरराव हसले. इतरांबरोबर हसले. आधी नाही, नंतर नाही, त्याच क्षणाला. नऊ वर्षांत हे माणूस कधी वेळेवर हसलं नव्हतं.

आणि मग ते झालं.

अमरसिंहांना पाणी हवं होतं. त्यांनी पूर्णिमांना खूण केली. पूर्णिमांनी उशी आणून दिली. त्यांनी पुन्हा खूण केली, शाल आली. तिसऱ्यांदा लिंबाची फोड. अमरसिंह वैतागले. त्यांनी दोन्ही हात डोक्यावर उचलले आणि मनगटं एकमेकांवर आडवी आपटून धरली. चिंधी गुंडाळलेल्या हातांच्या त्या गर्दीत ती खूण वेगळीच उठून दिसली, झेंड्यासारखी.

गच्चीच्या दुसऱ्या टोकाला हंबीररावांनी खिरीचा चमचा खाली ठेवला. उभे राहिले. आणि त्यांचेही दोन्ही हात डोक्यावर गेले, मनगटं आडवी झाली.

इथं जरा थांबतो, बुवाही इथं मृदंग थांबवतात. मिल हाउसचं एक सांगायला हवं, दोघेही भाऊ तिथंच कामाला होते. तिथं रोलर फिरताना शेजारचा माणूस कानात ओरडला तरी ऐकू येत नाही. तिथली भाषा हातांची. डोक्यावर मनगटं आडवी म्हणजे, गव्हाण बंद करा, ऊस थांबवा, कुणीतरी धोक्यात आहे. आणि तिथला नियम असा की खूण आली की ती जशीच्या तशी परत करायची. परत केली तरच समोरच्याला कळतं की पोचली. नाही पोचली तर माणूस जातो. तिथं राग, रुसवा, भांडण काही बघायचं नसतं. चौतीस वर्षं हंबीररावांनी एकही खूण परत केल्याशिवाय सोडली नव्हती. नऊ वर्षांचा अबोला मनात होता. हातांना तो कुणी सांगितलाच नव्हता.

दोघे भाऊ तसेच उभे, हात डोक्यावर. अमरसिंहांचे हात हळूहळू खाली आले. त्यांनी डावं मनगट पुढं केलं आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी त्यावर थेंब थेंब काहीतरी सोडल्यासारखं केलं.

हंबीररावांनी तेच केलं. त्यांचे डोळे भरले.

मग सुरू झालं. काय म्हणावं त्याला? हात फिरत होते, मुठी वळत होत्या, पंजे हवेत वाफेसारखे वर चढत होते. सतरंज्यांवरची माणसं आपोआप दोन्हीकडे सरकली आणि मध्ये वाट झाली, देवाची पालखी येताना होते तशी. कुणाला शब्द कळत नव्हता. पण एक बोलतो आणि दुसरा आधी तेच परत बोलतो, मग आपलं सांगतो, हे सगळ्यांना दिसत होतं. पूर्णिमांच्या हातातली लिंबाची फोड तशीच राहिली. बनाबाई, नाकावर दोन ठिपके, तोंड उघडं. आपला दादा इतका बोलका आहे? आणि इतका वेगानं? चिमणाबाई लग्न होऊन ह्या घरात आल्याला सत्तेचाळीस वर्षं झाली. त्यांनी हा माणूस कधी बघितलाच नव्हता. कारखान्याच्या भिंतीआड चौतीस वर्षं हे असं नाचत होतं आणि त्या घरी भाकरी थापत होत्या.

मग हंबीररावांचे हात संथ झाले. त्यांनी गळ्याभोवती हार घातल्याची खूण केली. निरोपसमारंभ. मूठ तोंडाशी धरली, माईक. बोट अमरसिंहांकडे. तू बोललास. मग दोन्ही हात पसरून, बोटं थरथरवत, सगळीकडे हसणं. मग हात कानामागे. मी विचारलं, काय म्हणालास?

आणि शेवटी त्यांनी हात झटकला.

काय न्हाय, जाऊ दे.

ती खूण मिल हाउसची नव्हती. ती ह्या घराची होती. गच्चीवरच्या प्रत्येकाला ती कळली, कारण प्रत्येकानं ती केली होती. घाईत, कंटाळून, उद्या सांगू म्हणून. चिमणाबाईंनी कालच केली होती. त्यांचा उजवा हात मांडीवर होता, तो त्यांनी पदराखाली घेतला.

अमरसिंह पांढरे पडले. त्यांना खरंच आठवत नव्हतं. ते आठवत राहिले आणि तेवढा वेळ कठड्यावरची चिमणी उडायचीसुद्धा थांबली असेल. मग त्यांचा चेहरा बदलला. आठवलं. त्यांनी सांगायला सुरुवात केली, एकेक खूण, सुटी सुटी. वहिनींकडे बोट. तोंडाशी पंजा, उघड-मीट, उघड-मीट, ती अखंड बोलते. मग दादा, कानावर हात. ऐकूच येत नाही. मग दोन्ही हात एकमेकांत घट्ट. म्हणून अडतीस वर्षं संसार टिकला.

एवढंच.

हंबीररावांनी ती खूण परत करायची होती. नियम होता. त्यांनी बायकोकडे बोट दाखवलं. पंजा तोंडाशी नेला, उघड-मीट केली. कानांवर हात ठेवले. दोन्ही हात एकमेकांत गुंतवले. आणि हात गुंतलेले असतानाच, स्वतःच्याच हातांकडे बघत असताना, त्यांना तो विनोद कळला.

"येवढंच व्हय रं?"

स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नसल्यानं तो गच्चीवरच्यांनाच नव्हे, शेजारच्या टाकीवरच्या कावळ्यांनाही ऐकू गेला. सगळे दचकले. क्रांतीने काजळाची डबी उचलली आणि परत खाली ठेवली.

"येवढंच, दादा," अमरसिंह म्हणाले. ओठांनी म्हणाले आणि हातानंही.

"आरं मग तवाच सांगायचंस की! मला वाटलं तू म्हणालास, आता ह्या भैऱ्याला घरात कोण सांभाळणार. आन् सगळं गाव हसलं. नऊ वर्षं मी तेच ऐकतोय."

"कुठं ऐकलंस दादा?"

"डोस्क्यात!" हंबीररावांनी कपाळावर बोट आपटलं आणि हसायला लागले, आणि हसता हसता खुर्चीत बसले, आणि मग ते हसणं राहिलं नाही. अमरसिंह सतरंज्या तुडवत पलीकडे गेले आणि भावाच्या पायाशी जमिनीवर बसले. नाकावर काजळ, गालावर पाणी. काजळ ओघळून मिशीत गेलं.

साडेपाच झाले. क्रांतीने ठरल्याप्रमाणे पळीनं ताट वाजवलं. वेळ संपली, बोला आता. पण बावीस माणसांतलं कुणी बोललं नाही. कीर्तन संपून बुवा खाली बसतात, आरतीला अजून अवकाश असतो, आणि मंडपात एक श्वास उरतो ना, तसं झालं होतं. देव आत्ता इथून गेला, असं वाटावं, आणि कुणी हललं तर त्याचा पदर पायाखाली येईल.

पहिल्या बोलल्या त्या बनाबाईच. "दादा, ते मनगटावर थेंब थेंब काय हुतं?"

हंबीररावांनी अमरसिंहांकडे बघितलं. अमरसिंहांनी प्रश्न हातानं सांगितला.

"त्र्यंबकअण्णा," हंबीरराव म्हणाले. "ती त्येंची खूण. मिल हाउसात रोलरला तेल घालायला हुते. जन्मापासनं मुके. भाईर गावात पोरं त्येंस्नी खडे मारायची. पण आत, त्या आवाजात, आमी सगळेच मुके. मग त्येंनीच आमाला बोलायला शिकवलं. खूण परत करायचं पण त्येंनीच लावून दिलं. म्हणायचे..." आणि त्यांनी हातानंच दाखवलं. हात पुढं केला, मग परत छातीकडे ओढला. दिलं, पोचलं.

"हा अमऱ्या एकदा बाहीसकट आत ओढला गेलता," ते पुढं म्हणाले. "अण्णांनी मनगटं उचलली, मी परत केली, गव्हाण थांबली. न्हायतर आज स्वप्नालीचा बाप नसता."

स्वप्नालीने पत्रिकेचा कच्चा कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. हंबीररावांनी चष्मा लावून वाचला. आपलं नाव पहिलं होतं, आधीपासूनच. पोरीनं खोडूच दिलं नव्हतं.

"येतो," ते म्हणाले. "पण मला सगळं सांगायचं. मंगलाष्टकं चालली की अमऱ्यानं समोर हुबा ऱ्हायचं. निम्मं सांगून हात झटकला तर मी मांडवातनं उठणार."

चिमणाबाई उठून त्यांच्यासमोर गेल्या. चुड्यावरची चिंधी अजून सोडलेली नव्हती. त्यांनी हात पुढं केला आणि परत छातीकडे ओढला.

हंबीररावांनी तेच केलं, आणि पैंजण खिशातून काढून पोरीच्या पायाशी ठेवले.

पत्रिका छापून आल्या तेव्हा पहिली अंबाबाईला गेली, दुसरी जोतिबाला. तिसरी घेऊन दोघे भाऊ कारखान्याच्या वसाहतीत गेले. अण्णांना जाऊन अकरा वर्षं झालेली, खोलीत दुसरंच कुटुंब राहत होतं. बायको नव्हती, मूल नव्हतं. नाव घ्यायला मागे कुणी नाही. त्यांनी पत्रिका उंबऱ्यावर ठेवली, मनगटावर दोन थेंब सोडल्याची खूण केली आणि परतले.

म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं. घरी जाल, दिवा लावाल, आपापल्या माणसांची नावं घ्याल, तेव्हा एक नाव त्यात मिसळा. त्र्यंबकअण्णा, मिल हाउसचा तेलवाला. मोठ्यानं घेतलं नाही तरी चालेल. हात पुढं करा, परत छातीशी आणा. त्यांना पोचेल.